कोंबड्याच्या नाण्यावरचे साल

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या ताटात चांदीच्या रुपयांशेजारी एक परदेशी सोन्याचे नाणे मांडतात. एका बाजूला ओकच्या पानांचा मुकुट घातलेली स्त्री, दुसऱ्या बाजूला मान ताठ करून उभा असलेला कोंबडा. खाली साल, १९१२. घरात त्याला ‘कोंबड्याचं नाणं’ म्हणतात. खेड तालुक्यातल्या आमच्या गावी ते आधी आजीच्या फडताळात होते, मग लालबागला आत्याकडे आले. दरवर्षी रिठ्याच्या पाण्याने धुऊन, हळदकुंकू लावून त्याची पूजा होते आणि दरवर्षी तीच गोष्ट सांगितली जाते. पणजोबा पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेले होते, तिथे एका बाईच्या घराची पडलेली भिंत त्यांनी बांधून दिली आणि तिने त्यांच्या हातावर हे नाणे ठेवले.

मी नाण्यांच्या नादाला लागलो तो या कोंबड्यामुळेच. इतिहासाचे रीतसर शिक्षण मला नाही. नोकरी बँकेत, कारकुनाची. फ्रेंच शिकलो ते शब्दकोश शेजारी ठेवून, कॅटलॉग वाचता येतील इतपतच. गेली बावीस वर्षे मी १८९९ ते १९१४ या काळातल्या फ्रेंच सोन्याच्या नाण्यांचा अभ्यास करतो आहे. संग्रह म्हणावा असे फार काही जवळ नाही, कारण सोन्याचा छंद पगारदार माणसाला झेपत नाही. पण या अभ्यासात घरातल्या नाण्याबद्दल जे हाती आले, ते लिहावे की नाही याचा निर्णय करायला मला तीन वर्षे लागली.

एकशे अकरा वर्षांचे वजन

वीस फ्रँकच्या या नाण्याचे वजन ६.४५ ग्रॅम. सोने हजारात नऊशे भाग, म्हणजे सराफाच्या भाषेत साडेएकवीस कॅरेटच्या किंचित वर. उरलेले तांबे. व्यास २१ मिलिमीटर. एका किलो मिश्रधातूतून बरोबर १५५ नाणी पाडायची, असे हे गणित आहे. ते ठरले १८०३ साली. क्रांतीनंतरच्या पंचांगात त्या महिन्याचे नाव जर्मिनाल होते, म्हणून या चलनाला ‘जर्मिनाल फ्रँक’ म्हणतात. तेव्हा सत्ता नेपोलियन बोनापार्टच्या हाती होती आणि पहिल्या नाण्यांवर त्याचाच चेहरा आला. त्यामुळे वीस फ्रँकच्या कुठल्याही सोन्याच्या नाण्याला फ्रान्समध्ये आजही ‘नेपोलियन’ म्हणतात, मग त्यावर कोंबडा का असेना.

पुढे नेपोलियन गेला, बुर्बां राजे परत आले, लुई फिलिप आला, दुसरे प्रजासत्ताक, नेपोलियन तिसरा, मग तिसरे प्रजासत्ताक. चेहरे बदलत राहिले, पण वजन आणि कस १९१४ पर्यंत तसूभर हलला नाही. १८६५ साली फ्रान्स, बेल्जियम, इटली आणि स्वित्झर्लंड यांनी पॅरिसमध्ये करार करून हेच माप आपापल्या नाण्यांना लावले. १८६८ मध्ये ग्रीसही त्यात आला. इटलीचे वीस लिरा आणि स्वित्झर्लंडचे वीस फ्रँक तराजूत कोंबड्याच्या बरोबरीने उतरतात, त्याचे कारण हा करार.

कोंबड्याचे नाणे १८९९ मध्ये सुरू झाले. ते कोरले ज्यूल-क्लेमां शाप्लँ या पदककाराने. स्त्री म्हणजे मारियान, प्रजासत्ताकाची मूर्ती. कोंबडा हे फ्रान्सचे जुने चिन्ह. लॅटिनमध्ये ‘गाल्लुस’ या एकाच शब्दाचे ‘कोंबडा’ आणि ‘गॉल देशाचा माणूस’ असे दोन अर्थ होतात, त्यावरून ते आले. याच घडणीचे दहा फ्रँकचे छोटे नाणेही निघाले.

संग्राहकाने या नाण्याची कड आधी बघावी. तिच्यावर उठावाची अक्षरे आहेत. १८९९ ते १९०६ च्या नाण्यांवर ‘द्यू प्रोतेज ला फ्रांस’, म्हणजे ‘देव फ्रान्सचे रक्षण करो’. डिसेंबर १९०५ मध्ये फ्रान्सने चर्च आणि सरकार वेगळे करणारा कायदा केला. त्यानंतर देव नाण्याच्या कडेवरूनही उतरला. १९०७ पासून तिथे ‘लिबर्ते, एगालिते, फ्रातेर्निते’ हे शब्द आले. स्वातंत्र्य, समता, बंधुता हे तीन शब्द कोंबड्याभोवती आधीपासून होतेच, त्यामुळे आता एकाच नाण्यावर ते दोनदा वाचायला मिळतात. आमच्या नाण्यावर ते तसे आहेत. साल १९१२ आणि कड १९०७ नंतरची. इथपर्यंत सगळे जुळत होते.

पणजोबांच्या हाती सोने आले असते का?

पणजोबा फ्रान्सला गेले होते यात शंका नाही. ते खडकीच्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्समध्ये होते. या पलटणीच्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपन्या लाहोर डिव्हिजनबरोबर फ्रान्सला गेल्या. हिंदी सैन्याची पहिली जहाजे २६ सप्टेंबर १९१४ ला मार्सेय बंदरात लागली. २८ ऑक्टोबरला न्यव्ह शापेल गावावरच्या हल्ल्यात शीख पलटणीच्या बरोबरीने या दोन्ही कंपन्या पायदळासारख्या लढल्या. सॅपर म्हणजे खंदक खणणारे, पूल बांधणारे, सुरुंग लावणारे कसबी लोक. त्या दिवशी त्यांची फार मोठी हानी झाली. पुढे १९२७ मध्ये त्याच गावाजवळ हिंदी सैनिकांचे स्मारक उभे राहिले.

प्रश्न होता तो पैशाचा. साध्या हिंदी शिपायाचा पगार तेव्हा महिना अकरा रुपये होता. त्या काळी एक सॉव्हरिन म्हणजे पंधरा रुपये आणि फ्रेंच चलनात सव्वापंचवीस फ्रँक. त्या हिशेबाने वीस फ्रँकचे नाणे सुमारे अकरा रुपये चौदा आण्यांचे, म्हणजे शिपायाच्या महिन्याच्या पगाराहून थोडे जास्तच. भिंत बांधून दिल्याबद्दल कोणी एवढे देईल का?

कोणी देईलही, उदार माणसे असतात. पण देण्यासाठी सोने हातात फिरते हवे. ५ ऑगस्ट १९१४ च्या कायद्याने फ्रान्समध्ये नोटांच्या बदल्यात सोने देणे बंद झाले. लढाई सुरू होताच लोकांनी नाणी दडवली आणि बाजारात पाच आणि वीस फ्रँकच्या नोटा आल्या. पणजोबा मार्सेयला उतरले तेव्हा सोन्याचे नाणे व्यवहारातून गेलेले होते. १९१५ च्या जुलैत बँक ऑफ फ्रान्सने लोकांना आवाहन केले की घरातले सोने आणून द्या आणि नोटा न्या. आबेल फेव्र या चित्रकाराचे एक भित्तिचित्र तेव्हा गावोगाव लागले. त्यात एक प्रचंड मोठे सोन्याचे नाणे आहे आणि त्यावरचा कोंबडा जिवंत होऊन जर्मन शिपायावर झेपावतो आहे. लोक रांगा लावून नाणी देऊ लागले. त्यांना देशसेवेचे प्रमाणपत्र मिळे. अशा रीतीने दोन अब्ज फ्रँकहून अधिक सोने जमा झाले. फेब्रुवारी १९१६ मध्ये तर दर्शनी किमतीहून जास्त भावाने नाणे विकणे हा गुन्हा ठरला. म्हणजे ज्या महिन्यांत पणजोबा त्या मुलखात होते, त्याच महिन्यांत घराघरातले कोंबडे एक तर जमिनीखाली जात होते किंवा बँकेच्या तळघरात. १९१५ च्या अखेरीस हिंदी पायदळ तिथून मेसोपोटेमियाकडे निघाले.

एवढ्याने गोष्ट खोटी ठरत नाही. एखादे दडवलेले नाणे हाती लागू शकते. पण मी विचारात पडलो.

१९५१ सालचे १९१२

उत्तर मिळाले ते एका फ्रेंच कॅटलॉगमधल्या तीन ओळींत. त्या मी पुन्हा पुन्हा वाचल्या, कारण आपल्या फ्रेंचवर माझा विश्वास नव्हता. अर्थ असा होता : १९०७ ते १९१४ ही साले असलेली वीस फ्रँकची नाणी १९५१ ते १९६० या काळात पॅरिसच्या टाकसाळीत पुन्हा पाडली गेली. संख्या सुमारे पावणेचार कोटी.

पन्नासच्या दशकात सरकारने चाळीस वर्षांपूर्वीचे साल घालून नाणी का पाडावीत? युद्धाने जर्मिनाल फ्रँक मोडला होता. १९२८ मध्ये फ्रँक नव्याने ठरवला तेव्हा त्याच्या वाट्याला जुन्या फ्रँकच्या जेमतेम एक पंचमांश सोने आले. १९३६ मध्ये तो आणखी घसरला, दुसऱ्या महायुद्धानंतर आणखी. नोटेवरचा विश्वास गेल्यावर फ्रेंच शेतकरी, दुकानदार, नोटरी सगळे जुन्या नेपोलियनकडे वळले. १९४८ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये सोन्याचा खुला बाजार पुन्हा सुरू झाला आणि शेअर बाजारात या नाण्याचा रोजचा भाव लागू लागला. मागणी इतकी की नाण्याला त्यातल्या सोन्यापेक्षा बरीच जास्त किंमत येई.

१९५२ मध्ये पंतप्रधान आंत्वान पिने यांनी साडेतीन टक्क्यांचे सरकारी कर्ज काढले, तेव्हा लोकांना धीर देण्यासाठी त्याची परतफेड याच नाण्याच्या बाजारभावाला बांधून दिली. वर वारसा करातून सूट. आपल्या नोटेवर कोणी विश्वास ठेवत नाही, हे सरकारने एका परीने कबूलच केले आणि कोंबड्याला जामीन ठेवले. अशा वेळी नाण्याची टंचाई कमी करून भाव आटोक्यात ठेवायचा तर बाजारात आणखी नेपोलियन हवेत. नवे साल घातले असते तर ते वेगळे नाणे ठरले असते आणि लोकांना हवा होता तो जुना, ओळखीचा कोंबडा. म्हणून जुनीच साले. वजन तेच, कस तोच, टाकसाळही तीच. त्यामुळे ही नाणी बनावट नव्हेत. खोटे आहे ते फक्त साल. फ्रान्समध्ये त्यांना ‘पिने नाणी’ असेही म्हणतात.

हा उद्योग एकट्या फ्रान्सचा नाही. लंडनच्या टाकसाळीने १९२५ सालचे सॉव्हरिन १९४९ नंतर पुन्हा पाडले. ऑस्ट्रियाची १९१५ सालची सोन्याची नाणी कितीतरी नंतर पाडलेली आहेत. आणि आपली मुंबईची टाकसाळही याला अपवाद नाही : मारिया थेरेसाचा चांदीचा थालर, साल १७८०, मुंबईत १९४०-४१ मध्ये पाडला गेला आहे. लाल समुद्राच्या दोन्ही काठांवर लोक दुसरे साल घेतच नसत.

तराजू, पाणी आणि रंग

आता घरचे नाणे तपासायचे होते. आधी ते खरे सोने आहे का हे पाहिले. ओळखीच्या सराफाच्या काट्यावर वजन भरले ६.४५ ग्रॅम. कसोटीवर रेघ ओढायला आत्या तयार नव्हती, म्हणून दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून तोलले. वजन सुमारे ०.३७ ग्रॅमने कमी भरले. भागाकार सतराच्या थोडा वर येतो आणि नऊशे कसाच्या सोन्याची घनता तेवढीच असते. पितळ असते तर आकडा नऊच्याही खाली आला असता.

नवे की जुने, हे मात्र तराजू सांगत नाही. त्यासाठी शेजारी ठेवायला निर्विवाद जुने नाणे हवे. १९०६ पर्यंतच्या सालांची नाणी पुन्हा पाडली गेली नाहीत, म्हणून कडेवर देवाचे नाव असलेला कोंबडा जुनाच. माझी विम्याची पॉलिसी पिकली तेव्हा एका नाणे प्रदर्शनात मी १९०५ चे नाणे घेतले. बायकोने त्या महिन्यात माझ्याशी फारसे बोलणे ठेवले नाही. जाणकारांना १९०० साल हवे असते, कारण त्या वर्षी कोंबडे सर्वांत कमी पाडले गेले, सहा लाखांच्या आसपास. ते माझ्या आवाक्याबाहेरचे होते आणि माझ्या कामाचेही नव्हते.

दोन्ही नाणी खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर ठेवली. १९०५ चे पिवळे, मऊ. मारियानच्या कानावरचे केस आणि कोंबड्याच्या छातीची पिसे झिजून गुळगुळीत झालेली. आमचे १९१२ चे स्पष्ट तांबूस, आणि केसांची बट न् बट वेगळी. रंग एकटा पुरावा होत नाही. शंभर दिवाळ्या धुतलेल्या नाण्याचा रंग कसा होईल हे कोणी सांगावे? पण तांबूस छटा आणि तीक्ष्ण ठसा ही या पुनर्मुद्रणाची ओळख म्हणून सगळीकडे नोंदलेली आहे. नंतर एका संग्राहकाकडे मी १९५१ नंतरची म्हणून विकली गेलेली पाच नाणी पाहिली. आमचे नाणे त्यांत मिसळले असते तर मला परत निवडता आले नसते.

माझा निष्कर्ष असा झाला की आमच्या देव्हाऱ्यातला कोंबडा १९१२ चा नाही. तो १९५१ नंतर पॅरिसमध्ये जन्मला. पणजोबा तोवर हयात नव्हते.

मग आणले कोणी?

हे मी आत्याला सांगितले तेव्हा ती वाल सोलत होती. आता तिचे वय ऐंशीच्या पुढे आहे. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “काका बोटीवर होते ना रे.”

काका म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. मुंबईहून निघणाऱ्या मालवाहू बोटींवर ते खलाशी होते. पन्नासच्या दशकात त्यांच्या बोटी एडन, सुएझ करून मार्सेयपर्यंत जात. आत्या सांगू लागली, “ते घरी आले की आई त्यांच्या कमरपट्ट्याची शिवण उसवायची. आम्हा पोरांना आधी बाहेर पिटाळायची. मी एकदा दाराच्या फटीतून बघितलं. मला वाटलं, पट्टा फाटलाय.”

ही साक्ष आहे, पुरावा नव्हे. पण काळाशी ती जुळते. १९४७ पासून परवान्याशिवाय सोने देशात आणायला बंदी होती. १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले तेव्हा गावोगाव बायका घाबरून गेल्या होत्या, दागिन्यांची मोजदाद होणार म्हणून. अशा वेळी घरातल्या परदेशी नाण्याबद्दल कोणी विचारले तर काय सांगायचे? सासरे लढाईला गेले होते, हे सगळ्या गावाला ठाऊक. नाण्यावर साल १९१२. पॅरिसच्या टाकसाळीने घातलेले जुने साल आजीच्या उपयोगी पडले. भिंतीची गोष्ट बहुधा तिनेच रचली असावी, आणि फार चांगली रचली.

काकांचे नाव मात्र त्या गोष्टीत कुठेच राहिले नाही. त्यांनी लग्न केले नाही. पगारातला मोठा वाटा गावी पाठवला. माझ्या वडिलांच्या शाळेची फी त्यातूनच गेली. साठ वर्षे त्यांनी आणलेल्या नाण्याची पूजा झाली आणि श्रेय त्यांच्या वडिलांना गेले. हे उघड करायला मला तीन वर्षे का लागली, ते आता वाचकांच्या ध्यानात येईल. एकाला दिलेले काढून दुसऱ्याला द्यायचे होते आणि दोघेही माझेच.

भीती होती ती खरीही ठरली. गेल्या वर्षी एका चुलत भावाने सरळ विचारले, “पणजोबांचं नाही ना ते? मग मोडून पाच वाटे करू.” हिशेबाने त्याचे चुकले नव्हते. संग्राहकाच्या दृष्टीनेही पिने नाण्याला सोन्यापलीकडे फारशी किंमत नाही. मला उत्तर सुचले नाही. आत्याने ते दिले : “काकांचं आहे म्हणून तर आता मोडायचं नाही.”

एक गोष्ट मात्र माझ्याकडून व्हायला हवी होती, ती मी केली. गावच्या घरी खिळे-मोळे ठेवायच्या पत्र्याच्या डब्यात काळपट पडलेला एक काशाचा तारा कित्येक वर्षे पडून होता. आम्ही लहानपणी तो चोर-पोलिसाच्या खेळात छातीला लावत असू. तो ‘१९१४ चा स्टार’ आहे. ५ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर १९१४ या दरम्यान फ्रान्स किंवा बेल्जियममध्ये प्रत्यक्ष कामगिरीवर असलेल्यांनाच तो मिळाला. मागच्या सपाट बाजूवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. आमच्या ताऱ्यावरची अक्षरे मी भिंगाखाली वाचली. पणजोबांचे नाव इंग्रजीत चुकीचे लिहिले आहे, पण ते त्यांचेच आहे आणि पलटण खडकीचीच आहे. पणजोबा फ्रान्सला गेल्याचा पुरावा आमच्या घरात होताच. सोन्याचा नव्हता, म्हणून आम्ही तो खिळ्यांत टाकला होता.

तारा मी घासूनपुसून चमकवलेला नाही. पदकाचा काळेपणा काढू नये. यंदा आत्याने ताटात त्याला जागा करायला सांगितली आहे. नाण्यासाठी एक छोटी डबी केली आहे आणि तिच्या झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवली आहे : वीस फ्रँक, नाण्यावर साल १९१२, प्रत्यक्षात १९५१ नंतरचे, पॅरिस टाकसाळ. त्याखाली काकांचे पूर्ण नाव आणि त्यांच्या हुद्द्याचा शब्द, खलाशी.